प्लॅस्टिकच्या पत्त्यांचा कौल

टाल्कम पावडरीचा वास आला की मला मुळशीतल्या माले गावची एक दमट दुपार आठवते. विज्ञान शाखेच्या आम्ही काही विद्यार्थिनी अंधश्रद्धा दूर करण्यासाठी गावोगाव पत्त्यांची जादू दाखवत असू आणि लगेच तिच्यामागची युक्तीही उलगडून सांगत असू. दमट हवेत कागदी पत्ते फुगत, म्हणून आमचा कॅट प्लॅस्टिकचा होता; पाने चिकटू नयेत म्हणून त्यांना पावडर चोळावी लागे. त्या दिवशीचा तो चौथा प्रयोग होता आणि माझा आवाज पार बसला होता. गर्दी पांगल्यावर तापाने फणफणलेली मुलगी कडेवर घेऊन एक बाई पुढे आली. “ताई, माज्या पोरीचं पान काढा. देवऋष्याकडं न्हेऊ का पौडाला डाक्टरकडं?” “अहो, ही हातचलाखी आहे. आत्ताच दाखवली ना?” “व्हय, बघितली की. लोकांम्होरं तसंच सांगाया लागतंय. आता हितं कुनी न्हाई, खरं सांगा.” पुन्हा पहिल्यापासून समजावण्याचे त्राण माझ्यात नव्हते आणि पौडची एस.टी. सुटायच्या बेतात होती. “लाल आलं तर डॉक्टर,” असे म्हणून मी पत्ते पिसले आणि लाल पानच तिच्या हाती जाईल असे पाहिले. ती एस.टी. गाठायला धावत निघाली. मुलगी बरी झाल्याचे महिन्याभराने कळले; सोबत निरोपही होता, “पत्तेवाल्या ताईंना परत धाडा, आमच्या जावंला बी इचारायचंय.” मी गेले नाही. आज मी प्रयोगशाळेत काम करते, आणि ती बाई पुन्हा समोर आली तर मी तेच करीन, हे मान्य करतानाही मला थकवा येतो.