नावापुढे आकडा नको

गाडी चालवायला मी मिऱ्या गावातल्या आमच्या घरातच शिकले. ती गाडी कधी दाराबाहेर गेली नाही. टेबलाला आवळून बसवलेलं काळं चाक, खाली पायाने दाबायच्या दोन पट्ट्या आणि समोर कॉम्प्युटर, एवढीच ती गाडी. हे बोटीवर नोकरीला. हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी तोंडाने घेत नाही, तर कागदावर कशाला घेऊ? नव्व्याण्णवच्या सुमारास सुट्टीवर येताना त्यांनी हे सगळं बाहेरदेशातून आणलं, आणि सोबत एका सीडीत मोटारींच्या शर्यतीचा खेळ. सुट्टी संपली, हे गेले, चाक मागे राहिलं.

दुपारी लेक शाळेत असायची. भांडी झाली की मी फडक्याने चाक पुसायचे. एकदा पुसता पुसता बसले. लेकीला चालू करताना पाहिलं होतं, तसं केलं. साडी वर खोचली, अनवाणी पाय पट्टीवर ठेवला. पहिल्याच वळणावर गाडी कठड्यावर आपटली आणि कोणी हसलं नाही. मला तेच आवडलं. माणसांत मला बोलता येत नाही. हळदीकुंकवाला गेले तरी दाराजवळची जागा बघते, आणि कुणी काही विचारलं की पदर सारखा करत बसते. इथे बघणारं कुणी नव्हतं.

त्या खेळात समुद्राच्या कडेने जाणारा एक रस्ता होता. आधी बोगदा, मग भाट्याच्या पुलावर एसटी चढली की दिसतो तसा एकदम सगळा समुद्र, मग उतार आणि डावीकडे वाईट वळण. त्या वळणाआधी पाय उचलायचा, हे मला कोणी शिकवलं नाही. शर्यत जिंकली की पुढची, जास्त जोराची गाडी आपोआप मिळायची. कोणाकडे मागावी लागत नव्हती.

ज्या दिवशी मी पहिली आले त्या दिवशी पडदा थांबला आणि नुसती एक रेघ लुकलुकायला लागली. मला वाटलं, काहीतरी मोडलं. तशीच हात मांडीवर ठेवून लेकीची वाट बघत बसले. ती आली, तिने दप्तर टाकलं आणि ओरडलीच.

"आई, तू पहिली आलीस! नाव लिही, नाव विचारतोय तो!"

"मला कुठे इंग्रजी येतं?" माझी शाळा चौथीत सुटली, आणि आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं.

"मी दाखवते, तू दाब. कुठलं नाव लिहायचं?"

मी माझं माहेरचं नाव सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "ही कोण गो आई?"

"मीच."

लग्नात ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, ते सगळ्यांनी वाकून वाचलं आणि छान छान म्हणाले. जुनं नाव त्या दिवसापासून कोणी घेतलं नाही. आईने घेतलं असतं, पण ती लवकर गेली. मला राग आला होता असं नाही. राग यायला आधी कोणी विचारावं तरी लागतं. आता मात्र विचारलं होतं. पाच इंग्रजी अक्षरं एका बोटाने दाबली आणि माझं नाव पाटीवर सगळ्यात वर बसलं. मला जी पाच अक्षरं डोळे मिटून सापडतात ती हीच.

पुढे सहासात वर्षांनी हे सुट्टीवर आले ते नवा खेळ घेऊन. "बघशील तर वेडी होशील," म्हणाले, "गाडीच्या पत्र्यात ढग दिसतात." तो त्यांना बसवता येईना, म्हणून नाक्यावर सायबर कॅफे चालवणाऱ्या मित्राला बोलावलं. मी त्यांना भावोजी म्हणते. माणूस बोलका.

"काय वहिनी, ड्रायव्हर झालात म्हणे! आता मला जीपमधून बाजारात सोडा."

मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तर त्यांनी फोनची तार काढून कॉम्प्युटरला लावली होती. मी लेकीला हळूच विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, हा खेळ चालू करायचा म्हणजे प्रत्येक वेळी इंटरनेटवरून कंपनीला विचारावं लागतं. फोन कुईंकुईं करून रडला आणि मग खेळाने एकदाचं नाव विचारलं. हे उठले. "बस तू, पहिला मान तुझा."

मी पाच अक्षरं दाबली. पडद्यावर लाल ओळ आली.

"हे नाव दुसऱ्या कोणीतरी घेतलंय आई," लेक म्हणाली. "पुढे एखादा आकडा टाक. सगळे टाकतात."

"आकडा कसला?"

"कसलाही गो. सत्तेचाळीस टाक."

कुठल्या देशात बसलेल्या कुणी माझं नाव घेतलं होतं आणि मला सत्तेचाळिसावी व्हायला सांगत होते. मी उठले. "मला नको."

"अगं, नुसता खेळ आहे," हे म्हणाले. त्यांचंही नाव गेलेलंच होतं. त्यांनी आकडा लावला आणि बसले. चांगल्या गाड्या गोल गोल फिरत दिसत होत्या, प्रत्येकीवर एक कुलूप. जिंकून ते उघडत नव्हतं, बँकेच्या कार्डावरून पैसे भरले तर उघडणार होतं. मग कुलूप नसलेली साधी गाडी घेऊन हे निघाले. शर्यतीत दुसरं कोणी माणूस नव्हतं, एकटेच धावत होते. फोनची लाइन मध्येच तुटली आणि गाडी होती तिथे थांबली. परत कुईंकुईं. परत जोडल्यावर खेळ म्हणाला, इंटरनेटवरून अजून पुष्कळ सामान उतरवून घ्यायचंय आणि कॉम्प्युटरमध्ये जागा नाही.

भावोजींनी आत शोधाशोध केली. "हा एक जुना गाड्यांचा खेळ दिसतोय, उगाच जागा खातोय. उडवू?"

"उडव," हे म्हणाले.

"हात लावू नका."

आवाज माझाच होता. मी कॉम्प्युटरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"वहिनी, तोच खेळ आहे, फक्त नवीन," भावोजी हसले.

"तोच नाही. त्यात माझं नाव आहे. आणि भावोजी, मी विळी विकत आणली तर नारळ खवायच्या आधी विकणाऱ्याला फोन करते का?"

"ते खरं, पण..."

"फणस विकायचा आणि आतले गरे परत वेगळे विकायचे? बाजारात असं कोणी केलं तर त्याला तिथून उठू देतील का?"

लेक फिसकन हसली. भावोजी म्हणाले, "आता जग असंच चाललंय, वहिनी."

"चालू दे. माझ्या घरातल्या कॉम्प्युटरवर नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं. परक्या माणसासमोर मी एवढी वाक्यं बोललेली त्यांनी ऐकली नव्हती. मी जागची हलले नाही. नाव पुसायचं तर मला बाजूला करून पुसा, असं मी म्हणणार होते. ती वेळ आली नाही. "राहू दे रे," हे म्हणाले आणि नवी सीडी काढून डबीत घातली. फोनची तार मी स्वतः उपटून पुन्हा फोनला लावली.

यांचं मन त्या नव्या खेळावरून उडालं नाही. पुढच्या खेपेला लॅपटॉप घेऊन आले, त्यावर तो खेळ घातला, कार्डाने दोन कुलपंही उघडली. ज्याची त्याची हौस.

मग एका सुट्टीत सकाळपासून ते लॅपटॉपशी झटत होते. खेळ उघडेचना. दुपारी भावोजींना फोन केला. तिकडून काय ते ऐकलं आणि बराच वेळ नुसतं "हं, हं" करत राहिले.

"कंपनीने तो खेळ बंद केलाय म्हणे," मला म्हणाले. "विचारायला तिकडे कोणी नाहीच आता. माझ्या गाड्याही गेल्या."

मला हसू आलं, पण माणूस हिरमुसला होता. मी माझ्या चाकावरचं फडकं काढलं. "बसा."

ते समुद्राच्या रस्त्याने गेले. उतार संपता संपता मी म्हटलं, "आता पाय उचला." त्यांनी उचलला नाही, आपटले. चार वेळा आपटून पाचव्या वेळी नीट पोहोचले. रेघ लुकलुकायला लागली.

"नाव विचारतंय."

"मग लिहा."

"आकडा लावू पुढे?"

"इथे लागत नाही."

त्यांनी लिहिलं. ते दुसऱ्या ओळीत, माझ्या माहेरच्या नावाखाली उमटलं. त्यातली बरीच अक्षरं मला आता येत होती. मी तोंडाने घेतलं नाही, पण वाचलं. आणि यांनी वरची ओळ वाचली, मोठ्याने, मला हाक मारावी तशी.