उजेडाच्या कपाटात धाकटी

माझी धाकटी बहीण मुखदुर्बळ, त्यामुळे तिच्या वाटचं मला बोलावं लागतं. बोलते मी. मला नाही कुणाची भीती.

ती शिवणारी. बायकांच्या कपड्यांचं मोठं दुकान आहे, तिथे आरशासमोर उभी राहून ती गिऱ्हाइकांची मापं घ्यायची. हे काम तिला मनापासून आवडायचं. मग तिच्या कोपरांवर लाल चट्टे उठले, वर पांढरे पापुद्रे. तिथून गुडघे, मांड्या, आणि शेवटी हातांची मागची बाजू. सोरायसिस. एका बाईने माप देता देता झटकन दंड मागे ओढला आणि हिच्यादेखत विचारलं, "दुसरं कुणी नाही का?" मालकीणबाईंनी त्याच दिवशी हिला आतल्या खोलीत बसवलं, काज-बटणं करायला. वर गोड आवाजात म्हणाल्या, "हात स्वच्छ झाले की ये हो बाहेर." स्वच्छ! जशी काही ही हात धूतच नव्हती!

धाकटी घरी येऊन एवढंच म्हणाली, "ताई, मला बाहेर जायचंय." एरवी हट्ट कसा तो तिला माहीत नाही. मी दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे कुणाला लागत नाही, पण मलमांनी आवरतही नाहीये, तर आता उजेडाचे उपचार करू. मी म्हटलं, "उजेडाने जात असेल तर गच्चीवर वाळत घालते हिला!" त्या हसल्या. हा उजेड वेगळा, म्हणाल्या, ठरावीकच किरण आणि तेही मोजून.

मशीन म्हणजे माणूसभर उंचीचं कपाट, आत चारी बाजूंनी नळ्या. डोळ्यांवर काळा चष्मा लावून मध्ये उभं राहायचं. पहिल्या दिवशी मी खुर्चीत नीट टेकते न टेकते तोच ही बाहेर. कातडीला सवय होईल तशी वेळ वाढवत न्यायची होती. मशीनवाल्या बाईंनी बजावलं, "दर वेळी हेच कपडे घाला. आज जे झाकलंय ते झाकलेलंच राहू द्या."

आता आमची ही लाजाळू. उपचारांसाठी तिने मुद्दाम गुडघ्यापर्यंतची चड्डी शिवलेली. आठवडे गेले, कोपरं आणि हात फिके पडायला लागले, पण मांड्यांवरचे चट्टे जसेच्या तसे. असणारच, त्यांना उजेड मिळतोय कुठे? दुसरी कुणी असती तर बाईंना विचारलं असतं. ही पडली शिवणारी. कपडा आड येतोय म्हटल्यावर हिने कात्री घेतली, चड्डी चांगली वीतभर आखूड केली, कडेला नीट दुमड घातली आणि मुकाट्याने कपाटात जाऊन उभी राहिली.

बाकीच्या अंगाला एव्हाना सवय झालेली. मांड्यांच्या त्या कोऱ्या कातडीवर मात्र पहिल्याच दिवशी एवढा वेळ उजेड पडला. संध्याकाळपर्यंत मांड्या टोमॅटोसारख्या लाल, चादरसुद्धा सहन होईना.

"अक्कल गहाण टाकली होतीस का गं?" मी ओरडले.

"घाई झाली ताई. आत बसून बसून मला माझीच किळस यायला लागलीय."

यावर काय ओरडणार? मी थंड पाण्याच्या घड्या ठेवत बसले.

भाजलेलं बरं होईपर्यंत उपचार बंद. तेवढ्यात हातांवरचे चट्टे पुन्हा वर आले. सगळं पहिल्यापासून, तेही थोड्या थोड्या वेळाने. पण चिवट आहे माझी बहीण. एकही वारी चुकवली नाही, आणि अखेर हात नितळ झाले.

आम्ही दोघी थेट मालकीणबाईंसमोर. त्यांनी हात उलटसुलट करायला लावून पाहिले. "छान. पण परत नाही ना होणार?"

एक 'नाही' म्हणायला काय जात होतं? ही म्हणाली, "होऊ शकतं. ताब्यात राहतं, पुरतं जात नाही."

"मग आतच बरी आहेस. उगाच गिऱ्हाईक बिथरायला नको."

रस्ताभर मी तिला नाही नाही ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "खोटं बोलून बाहेर उभी राहिले असते, तर रोज उठून आधी हात तपासले असते." हे ऐकून माझं डोकं जास्तच फिरलं.

दुसऱ्या दिवशी मी गिऱ्हाईक म्हणून गेले. भर दुकानात मोठ्याने म्हणाले, "मला ड्रेस शिवायचाय, आणि माप ती आतली घेईल. जमत नसेल तर समोरचं दुकान उघडंच आहे." बायका वळून बघायला लागल्या. मालकीणबाईंनी तोंड वाकडं करून तिला हाक मारली.

धाकटी आली, टेप काढली. मी ताठ उभी राहिले, बघू दे म्हटलं सगळ्यांना. तिने टेप खांद्यावरून घेतली, पण नुसती नखांत धरून, अंगापासून लांब. पाठ, कंबर, दंड, सगळीकडे तेच. एक बोट लागू दिलं नाही.

"अगं, हात लाव की," मी हळूच म्हटलं. "बहीण ना मी तुझी?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "लावतेय की, ताई."

तिला खरंच तसं वाटत होतं. मला नाही कुणाची भीती, पण उरलेली मापं मी खाली मान घालून दिली. ड्रेस सगळीकडून ढगळ झालाय.