बंपर काळा केला आणि गप्प राहिले

मंडळी, संध्याकाळ झाली तरी मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

बाबांना आता नीट दिसत नाही, त्यामुळे त्यांची गाडी विकायची ठरली. आज दुपारी जासई गावचा एक जण बघायला येणार होता. उन्हाने बंपर आणि आरशांची कव्हरं पांढुरकी पडली होती, खिडक्यांचं रबर राखाडी झालं होतं. सकाळी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून सगळं धुतलं, कोरडं केलं आणि स्पंजने काळं पॉलिश चोळलं. तासाभरात गाडी पाच वर्षांनी लहान दिसायला लागली.

तो माणूस आला आणि म्हणाला, "प्लास्टिक पन नव्यासारखा ठेवलाय तुमी."

मी नुसती हसले.

बाबा म्हणाले, "ते आज सकाळीच काळं केलंय हिने. दोन-चार धुण्यांत पुन्हा पांढरं पडेल. इंजिन मात्र मी जपलंय."



तो म्हणाला, "काका, आई आजारी हाय, तिला दवाखान्यात न्यायला गाडी पायजे. बंपर नाय बघत मी."

गाडी घेऊन तो गेला. बाबा निवांत झोपलेत. मी मात्र घरात येरझाऱ्या घालतेय. बाबा बोलले नसते, तर मी सांगितलं असतं का?

तुम्ही सांगितलं असतं?