वादळ, सर्व ठीक

ड्रोहेडा या आयरिश गावात आमच्या शेजारी एक निवृत्त अमेरिकन प्राध्यापक राहतात. जन्मभर त्यांनी जहाजांचा इतिहास शिकवला, तोही कप्तानांच्या नोंदवह्या वाचून. रत्नागिरीहून आलेले माझे बाबा आयुष्यभर खलाशी होते, म्हणून प्राध्यापकांनी कौतुकाने त्यांना अशाच एका वहीतल्या जुन्या पानाचा फोटो दाखवला. "वादळ. सर्व ठीक," मी त्यावरची नोंद बाबांना मराठीत सांगितली.

बाबांनी दोन बोटं नसलेला हात टेबलावर आपटला. "सांग गो त्यांना, ही तुटली त्या दिवशी आमच्या कप्तानानेही हेच लिहिलेलं!"

मी संकोचत सांगितलं. प्राध्यापकांनी कोरी वही उघडली आणि विचारलं, "कशी तुटली?"

मला स्वतःचाच राग आला. चाळिशीची लेक मी, हे कधी विचारलंच नव्हतं.