ढगांना धूर देणारं ऑफिस

चार मास्तर भेटले की शाळेचे किस्से निघतात, चार कंडक्टर भेटले की एसटीचे. आमचे निघतात ढगांचे! दोन हजार सालानंतरच्या त्या कोरड्या वर्षांत निफाडजवळच्या माळावर आमचं कृत्रिम पावसाचं केंद्र होतं. भट्टीत सिल्व्हर आयोडाइड जाळायचं, धूर वर जाणार, ढगात शिरणार आणि पाऊस पडणार. म्हणजे, पडला तर पडणार! माणसं तीन: पुण्याहून आलेले आपटेसर, भट्टी आणि जीप दोन्ही सांभाळणारे शिंदेमामा, आणि हवामानाच्या नोंदी घेणारी मी. आम्ही पाऊस किती पाडला हे मला आजही सांगता येत नाही. किस्से मात्र धो धो पडले.

* * *

सिल्व्हर म्हणजे चांदी, ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. एक दिवस शेजारच्या मळ्यातल्या गंगूआजी आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी चांदीचा झिजलेला तोडा सरांच्या टेबलावर ठेवला.

"ह्यो टाका भट्टीत. पन धूर आमच्या मकंवर जाऊ द्या. पार करपून चाललीय."

सर गडबडले. "आजी, ठेवा तो. ही चांदी नाही चालत आम्हाला."

आजींचा चेहरा उतरला. "का वो? खोटी हाय का?"

सरांनी रसायनशास्त्र समजावलं. आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तोडा पुन्हा पदरात बांधला आणि तडक निघाल्या. सोनाराकडे!

* * *

केंद्रावर फोन बसवला आणि आमच्या व्यापात भरच पडली. एकदा सकाळी एक गृहस्थ म्हणाले, "साहेब, आज धूर नका सोडू. आमचा स्लॅब टाकायचाय."

थोड्या वेळाने दुसरे. "साहेब, आज सोडाच! सोयाबीन माना टाकतंय."

सरांनी दोघांनाही पत्ता विचारला. गाव तेच, गल्ली तीच, घरही तेच. सख्खे भाऊ!

"तुमचे बंधू तर नको म्हणताहेत," सर म्हणाले.

"त्याचं नका ऐकू. स्लॅब त्याच्या एकट्याचा हाय, सोयाबीन दोघांचं हाय!"



* * *

मग येवल्याकडची मंडळी एसटीने आली. चिडलेली. "आमचे ढग तुम्ही इथंच पिळून घेता!"

सरांनी फळ्यावर बाण काढला. "वारा पश्चिमेकडून येतो. धूर उलट तुमच्याकडेच जातो."

"मग आमच्याकडं पाऊस का नाय?"

"ढगात पाणी नसेल, तर धूर काय करणार?"

"अन् पानी असंल तर?"

"तर पडेल."

"ते तर धुराबिगर पन पडंल की!"

सर "हो" म्हणाले. मग "नाही" म्हणाले. मग शिंदेमामांना म्हणाले, "चहा टाका."

* * *

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सरांचं भाषण ठरलं. जग तापतंय, मग ते थंड करायला कोणी समुद्रात लोखंडाची पूड टाका म्हणतं, कोणी अवकाशात आरसे लावा म्हणतं, कोणी गंधकाचा धूर उंच हवेत सोडून ऊन अडवा म्हणतं, असं सरांनी रंगवून सांगितलं.

मागून एक फिटर उठला. "सर, म्हणजे धुरामुळे जग तापलं?"

"हो."

"आणि धुरानेच थंड होणार?"

"तो धूर वेगळा."

"मग आमच्या चिमणीचा कुठला?"

सरांनी चष्मा सारखा केला. "थोडा हा… थोडा तो."

टाळ्या मात्र कडकडून पडल्या. कशाला, ते आम्हा तिघांनाही कळलं नाही.

* * *

आणि हा शेवटचा.

धुराचा उपयोग खरंच होतो का, हे कळायला काही दिवस मुद्दाम धूर न सोडता बघावं लागतं. ते सर नाणं उडवून ठरवत. छापा आला तर धूर, काटा आला तर नुसतं बघायचं. हा नियम त्यांनी कधीही मोडला नव्हता.

एका दुपारी पश्चिमेकडून असे ढग आले, की सगळं गाव माळावर जमलं. बायका, म्हातारे, सगळे भट्टीकडे डोळे लावून. सरांनी नाणं उडवलं. काटा!

  सरांनी एकदा गर्दीकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा उडवलं. पुन्हा काटा.

"सर, ढग चाललं," शिंदेमामा हळूच म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारे शेतकरी पुढे आले. कोपरीच्या खिशातून स्वतःचं नाणं काढून त्यांनी सरांच्या तळहातावर ठेवलं. "तुमचं ऱ्हाऊ द्या. हे उडवा."

सरांनी उडवलं. छापा!

शिंदेमामा धावले. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली. तिसरी पेटेचना, कारण काडेपेटी भिजली होती. मामा भिजले होते. सगळा माळ भिजत होता, आणि भट्टी गारच!

लोक नाचत होते. कोणी सरांना खांद्यावर घेतलं. मी नोंदवही पदराखाली धरून खालून ओरडले, "सर, आजची नोंद काय करू? धुराचा पाऊस की बिनधुराचा?"

सरांनी वरूनच चष्मा पुसला. पुसून उपयोग नव्हता.

"लिहा," ते म्हणाले, "नाणं बदललं."