उकंडराव गुरुजींचं चालणं

मध्य प्रदेशातल्या सौसरचे उकंडराव गुरुजी इतके सुटले होते, की पायाची बोटं बधिर पडली. छप्पन्न साली नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, त्या साली तिथल्या डॉक्टरांनी बजावलं, "रोज तीन मैल चाला. बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या त्यानंच मोकळ्या होतील."

गुरुजी सकाळीच जामसांवलीच्या वाटेला लागले. मागून त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याची, कवडूची बैलबंडी आली.

"गुरुजी, पायी जाऊन राहिले? बसा."

"अरे, मले चालाचंच आहे."

"लोकं मले जोड्यानं हाणतीन."

गुरुजींना बंडीत बसावंच लागलं. दुसऱ्या दिवशी वाट बदलली, तर दुसरा विद्यार्थी बंडी घेऊन भेटला. वडीलधाऱ्यांना पायी जाऊ देऊ नये, हे तालुक्याला तीस वर्षं त्यांनीच शिकवलं होतं.

फाल्गुनात पायाचा काळा पडलेला अंगठा कापावा लागला. भेटायला आलेला कवडू रडला, "तरी मी म्हणून राहिलो होतो गुरुजी, पायी फिरू नका."