बुडबुडे थांबेपर्यंत

शिव्या देताना आत्याचे हात कधी थांबले नाहीत. एका हाताने पाना लावून ती डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल करायची, दुसऱ्या हाताचं बोट त्याखाली धरायची, आणि तोंडाने आमचा, आमच्या नवऱ्यांचा आणि दिवा गावात बिल्डिंगी उभ्या करणाऱ्या सगळ्यांचा उद्धार चालू असायचा. स्क्रूतून आधी फेस यायचा, मग बुडबुडे, मग सलग धार. ती धार दिसायच्या आत कोणी मधे बोललं तर पाना त्याच्यावर रोखला जायचा. आम्ही तिला पंपवाली आत्या म्हणायचो. गावातली मुलं आत्या म्हणायची, म्हणून आमचीही आत्या.

डोंबिवलीतल्या भाड्याच्या खोलीतून आम्ही दिव्याला स्वतःच्या घरात आलो, तेव्हा बिल्डरने दाखवलेले नळ खरे होते, फक्त त्यांना पाणी येत नव्हतं. बिल्डिंगच्या मागे आत्याची विहीर होती आणि विहिरीवर तिच्या नवऱ्याने घेतलेलं डिझेल इंजिन. विजेचं मीटर मिळत नव्हतं, कारण सातबाऱ्यावर पुतण्यांचीही नावं होती आणि पुतणे सही देत नव्हते. म्हणून रोज सकाळी आत्या हँडल मारून इंजिन सुरू करायची आणि आमच्या टाकीत पाणी चढायचं. पाणी ती विकायची, दानधर्म करत नव्हती. कोणी गोड बोलून ‘आत्या, तुम्हाला पुण्य लागेल’ म्हटलं की म्हणायची, “पुन्य नको मना. इंजिन काय पुन्यावर चालतं?”

पुतण्यांचा डोळा त्या विहिरीवर होता. नवरा गेल्यावर गावकी बसली आणि देवळात ठरलं: जोवर विहिरीचं पाणी लोकांना जातंय तोवर विहीर आत्याची, पंप बंद पडला की पुतणे ती बुजवायला मोकळे. कागद झाला नव्हता, शब्द झाला होता. आत्याला लेक होती, कल्याणला दिलेली, मुलगा नव्हता. तिचं म्हणून जे काही गावात उरलं होतं ते त्या इंजिनाच्या आवाजावर टिकून होतं. रोज सकाळी ते धडधडायला लागलं की थोरल्या पुतण्याच्या घराची खिडकी धाडकन बंद व्हायची, आणि आत्या खूश व्हायची.

डिझेल टाकीत तळाला जाऊ द्यायचं नाही, हा तिचा पहिला नियम. तळाला गेलं की नळीत हवा शिरते. एकदा मी विचारलं, “आत्या, थोडी हवा गेली तर काय होतं? इंजिन ओढून घेईल की.” मी ठाण्याला कोर्टात नोकरीला, मला सकाळची घाई. ती म्हणाली, “हवा दबते पोरी, डिझेल दबत न्हाय. आत हवा ऱ्हायली त पंप तिलाच चेपीत बसतो, पुढं काय जातच न्हाय. आनि तुमी भाईर हँडल मारून मारून मरता. घाई हाय त टँकर बोलव.” मग आधी फिल्टरवरचा स्क्रू, नंतर पंपावरचा, शेवटी इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीचा नट, अशा क्रमाने ती हवा काढत जायची. मधली पायरी कधी चुकवली नाही. मी लेट मार्क खाल्ले, पण टाकी भरली.

फिल्टर बदलायची तिची एक रीत होती आणि त्यावरून आमच्या चेअरमनशी तिचं कायम वाजायचं. हे कदम एका कारखान्यात सुपरवायझर होते, त्यामुळे जगातल्या सगळ्या यंत्रांवर देखरेख करायचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटे. नवा फिल्टर आत्या कोराच बसवायची आणि डिझेल त्याच्या कागदातून गाळत गाळत आत येईपर्यंत स्क्रूपाशी उकिडवी बसून राहायची. कदम म्हणायचे, “अहो आत्या, मधल्या भोकात डिझेल ओता ना डायरेक्ट! हवाच राहणार नाही. पाच मिनिटांचं काम.” आत्या म्हणायची, “मधल्या भोकात गालल्यालं डिझेल असतं. तिथं वतलं त कचरा शिरंल पंपात. तुमी चाय गालून पिता नं? मंग गालनीच्या खाली हात घालता का?” कदम हसायचे. अडाण्यांचं ऐकून घ्यावं तसं हसायचे.

नातीच्या हळदीला आत्या कल्याणला गेली. आगऱ्यांत हळद लग्नापेक्षा मोठी, जाणं टळण्यासारखं नव्हतं. किल्ली कदमांकडे देताना तिने मलाही बोलावून सांगितलं, “डिझेल संपाया देऊ नको म्हनावं. संपलंच त इंजिनाला हात लावू नको, मी येतंय.” तिसऱ्या मजल्यावर पूजा होती, पाणी जास्त लागलं आणि डिझेल संपलं. मी संध्याकाळी कामावरून आले तेव्हा विहिरीपाशी निम्मी सोसायटी जमलेली. डिझेल आणून ओतलं होतं, हँडल मारून चार पुरुष घामाघूम झाले होते. हवा काढायला कोणालाच धीर नव्हता. कदमांनी निदान केलं की फिल्टर चोकअप. नवा फिल्टर आणला आणि रंगाच्या जुन्या बादलीतलं डिझेल त्याच्या मधल्या भोकात ओतून बसवून टाकला. मी म्हटलं, आत्याने हेच नको म्हणून सांगितलंय. कदम म्हणाले, “मॅडम, तुम्ही कोर्टातलं बघा.” पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी धरून त्यांनी शेवटी ते सुरू केलं. टाळ्यासुद्धा वाजल्या. टाकी निम्मी भरायच्या आत इंजिन खडखडलं आणि बंद पडलं.

आत्या परत आली, इंजिनाचा डिझेल पंप खोलला, आतली काळी कचकच बोटावर घेऊन बघितली. त्या दिवशी तिने एकही शिवी दिली नाही. पंप कल्याणला दुरुस्तीला गेला. तिथला माणूस म्हणाला, जुना माल आहे, पार्ट मागवावा लागेल, वेळ लागेल. आमच्या लोकांनी लगेच ठरवून टाकलं की इंजिनच जुनं होतं. आणि थोरल्या पुतण्याने गावकी बोलावली.

आत्या आयुष्यात पहिल्यांदा आमच्या बिल्डिंगचे जिने चढली. दारोदार एवढंच म्हणाली, “देवलात या. आमी हिचं पानी पितो, पंप आला का परत पिऊ, इतकंच बोला.” सगळे ‘हो हो आत्या’ म्हणाले. कोणी चहा दिला, कोणी खुर्ची. तिला हे ठाऊक नव्हतं की पुतण्या तिच्या आधी जिने चढून गेला होता. विहीर बुजली की तिथे सोसायटीला पार्किंग, असा शब्द त्याने दिला होता. आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा गाड्या मोजून दोन, पण पार्किंग सगळ्यांना हवं होतं. माणसाला तहान लागते त्याच्या आधी हाव सुटते, हे मी तेव्हा शिकले.

देवळात मी आणि माझा नवरा, दोघेच गेलो. मी उभी राहिले, बोलले. एका म्हाताऱ्या पंचाने शांतपणे विचारलं, “ताय, बाकीची कुठंयत? एकाच घराची तहान धरायची का?” विहीर पुतण्यांकडे गेली. परतताना मी आत्याचा हात धरायला गेले, तिने सोडवून घेतला. म्हणाली, “तू आलीस त जास्त लागलं. कोनच आलं नसतं त मी मनात बोलले असते, त्यांना सांगावाच पोचला नसंल.”

विहिरीत डेब्रिज पडायला लागलं त्या दिवशी आत्या गाठोडं घेऊन लेकीकडे गेली. पंप दुरुस्त झाल्याचा फोन त्यानंतर आला. मला अजूनही राग येतो. कदमांचा येतो, पुतण्याचा येतो, पण सगळ्यात जास्त त्या ‘हो हो आत्या’चा येतो. नळाला आजही पाणी नाही. टँकर येतो, तो नेमका त्या पार्किंगमध्ये उभा राहतो.

गेल्या वर्षी मी तिला भेटायला कल्याणला गेले. लेकीच्या बाल्कनीत बसली होती, वाळली होती, पण डोळे तेच. विहिरीबद्दल एक शब्द नाही. माझ्या मुलीचं विचारलं, नोकरीचं विचारलं, मग म्हणाली, “टाकीला पानी चढतं का?”

माझ्या मनात आलं, खोटं सांगावं. पण तिच्याशी खोटं बोलवेना. म्हटलं, “नाही आत्या. टँकर येतो, तोही एक दिवसाआड. भांडणं होतात.”

“बेस झालं,” आत्या म्हणाली.

मीही त्याच टँकरच्या रांगेतली, तरी ते ऐकून मला फार बरं वाटलं.

दोन महिन्यांपूर्वी ती गेली. सोसायटीच्या ग्रुपवर मीच कळवलं. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कदमांनी लिहिलं, ‘आपल्या सर्वांची तहान भागवणारी माउली हरपली.’ त्याच्याच खाली दुसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं, ‘आज टँकर किती वाजता?’